म्हातारपणात दहापैकी तीन

ओलिंपियो पिंतोस चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, आणि म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी डिसेंबरात घेतलेल्या चाचणीत तो तिसरा आला. उमेदवार तीनच होते. पहिला आला नाहुएल, वय चोवीस. दुसरा नंबर मिळालेला मुलगा चाचणीला आलाच नव्हता. त्याने व्हिडिओ पाठवला होता, आणि व्हिडिओ चांगला होता म्हणे.

निकाल ढोलपथकाच्या क्लबच्या दारावर डकवला होता. ओलिंपियोने चष्मा लावला आणि वरून खाली सगळा कागद वाचला. कंप: दहापैकी चार. पोक: दोन. काठी धरण्याची पद्धत: सहा. आणि सगळ्यात खाली, म्हातारपणाची विश्वसनीयता: दहापैकी तीन.

त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तीनच होते.

मोंतेविदेओत, समुद्राकडच्या जुन्या वस्तीत, फेब्रुवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, ढोलपथकांची मोठी मिरवणूक निघते. पथक कितीही मोठं असो, ढोल कितीही असोत, पुढे एक म्हातारा वैदू लागतोच. पांढरी दाढी, काळी उंच टोपी, काळा डगला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाडपाल्याचा बटवा. त्याच्या जोडीला पंखा हलवणारी म्हातारी माय. वैदू थरथरतो, अडखळतो, भर रस्त्यात मरायला टेकतो, आणि ढोल कानावर पडले की पुन्हा उठून नाचतो. गोष्ट एवढीच आहे. लोकांना ती दर वर्षी नव्याने बघायची असते, कारण खऱ्या आयुष्यात दुसरा भाग होत नाही.

‘ला ब्रासा’ पथकाचा हा वैदू गेली एकोणपन्नास वर्षं ओलिंपियो होता.

आत रोमिना लॅपटॉप उघडून बसली होती. पथक तिच्या वडिलांनी काढलं. ते गेल्यावर पथक तिच्याकडे आलं, आणि लॅपटॉप तिने स्वतः आणला. तिच्या पहिल्या मिरवणुकीला ती ओलिंपियोच्या खांद्यावर बसून आली होती आणि त्याच्या टोपीत ओकली होती. नोव्हेंबरपर्यंत ती त्याला काका म्हणायची.

“पोरी, दारावर काय लावलंयस?”

“या, आजोबा. बसा.”

“आजोबा?”

“बसा ना आधी. उन्हातून आलात.” तिने स्वतः उठून खुर्ची ओढली. त्या क्लबात आजवर कुणी कुणाला खुर्ची ओढून दिली नव्हती. ज्याला बसायचं तो ढोलावर बसायचा.

ओलिंपियो उभाच राहिला. “विश्वसनीयता तीन? अगं, मी म्हातारा आहे!”

“आहात. पण वाटत नाही. किती ताठ चालता तुम्ही! गॅलरीतल्या माणसाला तिसऱ्या रांगेतून कळायला नको का?”

“चाळीस वर्षं वेटर होतो मी. वाकून चाललं की सूप सांडतं.”

“तेच म्हणते मी. तुमचं चालणं वेटरचं आहे. म्हाताऱ्याचं नाही.”

“आणि कंप चार कसा? हे बघ.” त्याने डावा हात पुढे केला. दोन वर्षांपासून तो थरथरत होता. डॉक्टरने ‘वयोमानाने’ एवढंच सांगून पुढच्याला आत बोलावलं होतं.

रोमिनाने हाताकडे आदराने पाहिलं. जवळजवळ अर्धा मिनिट पाहिलं. मग म्हणाली, “तालात नाहीये, आजोबा.”

“तालात कसा असेल? तो माझा नाही, हाताचा आहे!”

“मिरवणुकीच्या परीक्षकांना खरा-खोटा कळत नाही हो. तालात आहे की नाही, ते कळतं.” तिने टेबलाखालून एक पिशवी काढली. “पण तुम्हाला आम्ही सोडणार आहोत का? तुम्ही आता पथकाचे ज्येष्ठ सल्लागार.”

पिशवीत टी-शर्ट होता. छातीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘जिवंत आठवण’. माप दोन नंबर मोठं होतं. ज्येष्ठांना सैल बरं पडतं, असा विचार केला होता.

“सल्लागाराने काय करायचं असतं?”

“नाहुएलला म्हातारपण शिकवायचं,” रोमिना म्हणाली.

घरी येऊन ओलिंपियोने दाढी केली. ऑक्टोबरपासून मिरवणुकीसाठी वाढवलेली पांढरीशुभ्र दाढी होती. बेसिनमध्ये ती एखाद्या मेलेल्या सशासारखी पडली. तेवढ्यात नेल्बा आली, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते, नळीने ओढायचा कडू चहा. तीस वर्षं ती त्याच्यासमोर म्हातारी माय नाचत होती. ती सहासष्ट वर्षांची होती, पण तिची चाचणी कुणी घेतली नव्हती. सगळ्या पथकाचे कपडे ती फुकट शिवायची. शिंपिणीची विश्वसनीयता कुणी मोजत नाही.

“चेहरा अगदी उघडा पडला तुझा,” ती म्हणाली.

“तू काही बोलली नाहीस त्यांना.”

“काय बोलू? माझं बोलणं ऐकायला त्यांना वेळ आहे का? काजं करून झाली का, एवढं विचारतात.”

“आजकालच्या पोरांना म्हातारपणातलं काय कळतंय! जिना चढले की बसतात. बोटं तेवढी तगडी, फोन दाबून दाबून. घाम कशाला म्हणतात ते विचारून बघ.”

नेल्बाने माते ओढला आणि नळी पुसून भांडं त्याच्या हातात दिलं. “इसाबेलिनोला तू काय म्हणाला होतास रे?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“मी होते तिथे, झालर धरून. ‘काका, आता कडेला खुर्ची टाकून मजा बघा, आम्ही करतो.’ सगळ्यांसमोर.”

“तो खरंच म्हातारा होता.”

“सत्तरचा होता.”

“त्या वेळचं सत्तर वेगळं होतं!”

इसाबेलिनोने, ओलिंपियोच्या आधीच्या वैदूने, खरोखरच कडेला खुर्ची टाकली होती. दोन वर्षं बसून मजा बघितली. तिसऱ्या वर्षी खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं होतं, आणि चौकशी करायची राहून गेली.

“माते थंड होतोय,” नेल्बा म्हणाली.

सोमवारी नाहुएल आला. पाठीवर खाण्याचे डबे पोचवायचा चौकोनी खोका, हातात सायकल. ती त्याने जिन्याने तीन मजले खांद्यावर आणली, कारण खाली ठेवली की जाते. ओलिंपियो मनात म्हणाला, बघा, जरा विश्वास नाही माणसांवर. नाहुएल आत आला, त्याने घराच्या दोन्ही खोल्या बघितल्या आणि हळूच विचारलं, “मास्तर, हे सगळं तुमचं?”

“मग काय, चोरलंय? सव्विसाव्या वर्षी घेतलं. वेटरच्या पगारात. आम्ही काम करायचो.”

“मी पण करतो. दोन करतो,” नाहुएल म्हणाला. “माझ्याकडे हेल्मेट आहे.”

त्याने ते तक्रारीसारखं म्हटलं नव्हतं. मालमत्तेचा विषय निघाला होता म्हणून सांगितलं. पण ओलिंपियोला त्यात टोमणा दिसला. तो त्या दिवशी हवेतही टोमणे शोधत होता.

नाहुएलने फोन कपाटावर टेकवला आणि चित्रण सुरू केलं. “तुम्ही नेहमीसारखं वागा. मी आहे असं समजूच नका.”

ओलिंपियो उठून पाणी प्यायला.

“परत उठाल का? जरा सावकाश. फार पटकन उठलात.”

तो परत उठला.

“उठताना तोंडातून काही आवाज? ‘अं’ वगैरे? माझी आजी काढायची.”

“मी काढत नाही.”

“हरकत नाही, मी घालीन.” नाहुएलने वहीत लिहून घेतलं. पोरगा मेहनती होता, आणि तेच जास्त झोंबत होतं. पाणी प्यायल्यावर ग्लास कुठे ठेवला, खिडकीतून किती वेळ बाहेर बघितलं, चप्पल कुठल्या पायात आधी घातली, सगळं लिहीत होता. तासाभराने त्याने पेन थांबवलं आणि अगदी मनापासून विचारलं, “मास्तर, एक विचारू? भूमिकेसाठी हवंय. या वयात सकाळी उठतात ते कशासाठी?”

ओलिंपियोने बराच वेळ उत्तर दिलं नाही. नाहुएलने वहीत ‘शांतता’ असं लिहिलं.

“उभा राहा,” ओलिंपियो म्हणाला. “पोक शिकवतो तुला.”

वैदूचं सगळं गुपित गुडघ्यांत असतं. गुडघे मोडायचे, कंबर सरळ ठेवायची, मान तेवढी पुढे काढायची. लांबून पोक दिसतो, पण तो डगल्याचा असतो, पाठीचा नव्हे. म्हणून तर माणूस भर उन्हाळ्यात जाड डगला घालून मैलभर नाचतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. हे गुपित ओलिंपियोला इसाबेलिनोने दिलं होतं, खुर्चीवर जाण्याच्या आदल्या वर्षी.

“गुडघे ताठ,” ओलिंपियो म्हणाला. “अजिबात मोडायचे नाहीत. सगळं कमरेतून. वाक. अजून वाक. आता मान वर कर आणि तसाच नाच.”

नाहुएल वाकला. त्याचा चेहरा लाल झाला. “जुन्या व्हिडिओत तुमचे गुडघे मोडलेले दिसतात, मास्तर.”

“ते वयामुळे.”

त्याने आयुष्यात पहिल्यांदाच वयाचं कारण पुढे केलं, आणि ते इतकं सहज चाललं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. नाहुएलने लगेच मान हलवली. वय म्हटल्यावर पुढे प्रश्न कसले?

पुढचे सात आठवडे नाहुएल रोज दोन तास कमरेतून वाकून नाचला आणि उरलेला दिवस सायकलवर वाकून डबे पोचवत राहिला. जानेवारीच्या तालमींत लोक त्याला बघायला गर्दी करू लागले. त्याचे व्हिडिओ सगळ्या शहरात फिरले. ‘काय म्हातारा आहे!’ असं लोक खाली लिहायचे. ओलिंपियो ‘जिवंत आठवण’ घालून कडेला उभा राहायचा आणि नाहुएल तालमीनंतर ओट्यावर पालथा पडायचा तेव्हा दुसरीकडे बघायचा.

“पाठ धरते का रे?” एकदा त्याने विचारलंसुद्धा.

“धरते थोडी. पण त्यामुळे आतून म्हातारं वाटतं, मास्तर. फार उपयोग होतो.”

मिरवणुकीच्या दिवशी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला खोकी आणि पुठ्ठे पेटवून ढोल शेकायला ठेवले होते. कातडं ताणलं की आवाज चढतो. पोरं बोटाने टिचकी मारून बघत होती. क्लबात नाहुएल डगला घालून, दाढी चिकटवून, सुरकुत्या रंगवून तयार होता. बुटाची नाडी सुटली म्हणून तो खाली वाकला, आणि तिथेच राहिला.

आधी सगळ्यांना वाटलं, सराव करतोय. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग बुटाकडून आवाज आला, “रोमिना, मला उठता येत नाहीये.”

कमरेत उसण भरली होती. चौघांनी त्याला तशाच काटकोनात उचलून टेबल-टेनिसच्या टेबलावर कुशीवर ठेवलं. रोमिना आधी पांढरी पडली, मग तिने सगळ्यांना बाहेर काढलं. आत राहिले नाहुएल, नेल्बा आणि ओलिंपियो, कारण कुणालाही बाहेर काढताना जिवंत आठवणीकडे लक्ष जात नाही.

“वीस मिनिटं आहेत,” रोमिना म्हणाली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. “आजोबा.”

“काय?” हे तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. छातीत मात्र साठ ढोल एकदम सुरू झाले होते.

“यादीत नाव नाहुएलचं आहे. यादी बंद झाली आहे. आता माणूस बदलला तर गुण कापतात. म्हणजे नाचेल नाहुएलच. तुम्ही फक्त… आत असाल.”

“कशाच्या आत?”

“कपड्यांच्या.”

नेल्बाने नाहुएलच्या अंगावरून डगला सोडवला. दाढी सोलून काढली आणि ओलिंपियोच्या गुळगुळीत हनुवटीला डिंक लावून चिकटवली. मग तिने रंगाची पेटी उघडली.

“आता हे कशाला?” ओलिंपियो म्हणाला.

“नाहुएलच्या सुरकुत्या लोकांना माहीत आहेत,” रोमिना म्हणाली. “कपाळावर तीन आडव्या, डोळ्यांपाशी चार-चार. तुमच्या वेगळ्याच ठिकाणी आहेत.”

नेल्बाने आधी त्याच्या खऱ्या सुरकुत्या लिंपून काढल्या आणि त्यावर चोवीस वर्षांच्या पोराच्या सुरकुत्या काढल्या. काम चाललं असताना ती एक अक्षर बोलली नाही, पण तिचं पोट हसण्याने हलत होतं. किंवा कशाने तरी.

“आणि एक विनंती,” रोमिना दाराशी थांबून म्हणाली. “तुमच्यासारखं नाचू नका. त्याच्यासारखं नाचा.”

“तो माझ्यासारखं नाचतो!”

“हो. पण जास्त.”

टेबलावरून क्षीण आवाज आला. “मास्तर, गुडघे ताठ ठेवा हं.” त्यात खोच नव्हती. पोरगा खरोखर मदत करत होता.

रस्त्यावर आल्यावर ओलिंपियोने गुडघे मोडले.

दोन्ही बाजूंना माणसं, गॅलऱ्यांत माणसं, आणि पाठीमागे साठ ढोल. पहिल्या चौकात तो, गुडघे सोडून, इमानदारीने नाहुएलसारखं नाचायचा प्रयत्न करत होता. म्हणजे आपली नक्कल करणाऱ्याची नक्कल करत होता. त्यात त्याचे पाय एकमेकांत अडकले. दुसऱ्या चौकात डावा हात सुटला आणि आपल्या मर्जीने थरथरू लागला. ओलिंपियो तो आवरायला गेला, तेवढ्यात ढोलांच्या पहिल्या रांगेतल्या जाड्या वादकाने त्या हाताकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि आपला ठोका त्या हातावर आणून ठेवला. शेजाऱ्याने त्याचा घेतला, त्याच्या शेजाऱ्याने त्याचा. बघता बघता सगळा रस्ता एका म्हाताऱ्याच्या बिघडलेल्या हाताच्या तालावर चालू लागला. मग मात्र ओलिंपियोने नाहुएलला सोडून दिलं. तो घसरला, तोल गेला, काठी निसटली, हवेत धरली, नेल्बाभोवती फिरला, तिच्यासमोर एका गुडघ्यावर आला आणि बटवा तिला असा दिला की गॅलरीतल्या बायका ओरडल्या.

“नाहुएल! नाहुएल!”

“चोवीस वर्षांचा आहे तो! चोवीस!”

“छे, वाटत नाही.”

“तीच तर कला आहे!”

एक माणूस चाकाच्या खुर्चीतल्या वडिलांना वाकून सांगत होता, “बाबा, बघितलंत? तो तुमच्यापेक्षा म्हातारा वाटतो.” वडील ओशाळल्यासारखे हसले.

परीक्षकांच्या मंडपासमोर वैदूने मरायचं असतं. ओलिंपियो इतका हळूहळू मेला की ढोलसुद्धा श्वास धरून थांबले. डांबर अजून गरम होतं. नेल्बा पंखा हलवत त्याच्यावर ओणवी झाली.

“पडलास की गेलास?” ती पंख्याआडून पुटपुटली.

“थांब जरा. मजा येतेय.”

मग ढोल सुरू झाले आणि तो उठला. सगळा मंडप उभा राहिला.

शेवटच्या वळणावर त्याला मागच्या मागे गाडीत घालून क्लबात आणलं, दाढीसकट, कारण वाटेत कुणी बघितलं तर पंचाईत. रोमिनाने त्याला कडकडून मिठी मारली. तिचे डोळे भरले होते. “बघितलंत ना, आजोबा?” ती म्हणाली. “नाहुएलसारखं नाचलात तर कसं जमतं!”

परीक्षकांनी सर्वोत्कृष्ट वैदूचा मान नाहुएलला दिला. त्यांच्या अहवालात एक वाक्य होतं, आणि रोमिनाने ते क्लबच्या दारावर लावलं, जिथे आधी चाचणीचा निकाल होता तिथेच: ‘वार्धक्याची इतकी खरी जाण एखाद्या तरुणातच असू शकते.’ सन्मानचिन्ह घ्यायला नाहुएल काठी टेकत, कमरेत वाकून मंचावर गेला. तो अजून भूमिकेतच आहे असं लोकांना वाटलं. टाळ्या पाच मिनिटं थांबल्या नाहीत. रेडिओवाल्या बाईने विचारलं, कुणाला बघून शिकलास? नाहुएल म्हणाला, एक आजोबा आहेत. बाईने आवाज मऊ करून विचारलं, अजून आहेत? नाहुएल गडबडला आणि म्हणाला, आहेत, थोडेफार.

ओलिंपियोने रेडिओ बंद केला आणि रोमिनाकडे गेला. पुढच्या वर्षी भूमिका मला हवी, म्हणाला. आता तर तू डोळ्यांनी बघितलंस.

“बघितलं. पण सन्मान त्याला मिळालाय, आजोबा. सन्मानवाल्याला कसं काढू? लोक विचारतील, याच्याऐवजी हे कोण?” तिने आवाज खाली आणला. “शिवाय त्याला आता पोक काढावाच लागत नाही. डॉक्टर म्हणाले, पाठ सत्तरीची झालीये. सायकल बंद, दोन्ही कामं बंद. बिचाऱ्याकडे एवढं एकच राहिलंय.”

ओलिंपियो तिथून निघाला. त्याला वाटत होतं की आपल्याला राग आलाय. समुद्राकाठच्या रस्त्याने तो बराच चालला, ताठ, आणि मग त्याच्या लक्षात आलं की राग केव्हाच संपलाय आणि जे चालतंय ते दुसरंच काहीतरी आहे. इतक्या दिवसांत सगळ्यांनी त्याच्या म्हातारपणाचं काही ना काही केलं होतं. गुण दिले, कापले, रंगवलं, उतरवलं. नाहुएलला दिलेला उलटा धडा ही एकच गोष्ट अशी होती की ती म्हाताऱ्याने नव्हे, ओलिंपियो पिंतोसने केली होती. चांगली नव्हती. पण त्याची होती. ती जाऊन सांगायला हवी होती. पोराने शिव्या दिल्या असत्या, काठी मारली असती. मारू दे. काहीतरी बरोबरीचं झालं असतं.

रविवारी दुपारी तो नाहुएलच्या घरी गेला. एक खोली, त्यात नाहुएल, त्याची आई इर्मा आणि बहिणीची दोन पोरं. सन्मानचिन्ह फ्रिजवर होतं. नाहुएल फळीवर निजला होता. मास्तरांना बघून भिंत धरत उठायला लागला.

“पडून राहा. मी सांगायला आलोय. मी तुला चुकीचं शिकवलं.”

“असं काही नाही, मास्तर.”

“गुडघे मोडायचे असतात. कंबर सरळ ठेवायची असते. मला माहीत होतं.”

नाहुएलने मान त्याच्याकडे वळवली. पंखा फिरत होता. मग नाहुएलच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. शिवीची तयारी करून आलेल्या माणसासमोर कुणी खुर्ची ओढावी, तसं ते हसू होतं.

“तुम्ही विसरलात. होतं तसं.”

“विसरलो नाही. मुद्दाम केलं.”

“आजोबा…” तो पहिल्यांदाच तसं म्हणाला.

“मत्सराने केलं! तुझी पाठ जावी म्हणून केलं. रोज तुला ओट्यावर पालथा पडलेला बघत होतो आणि गप्प बसत होतो.”

“माझी आजी पण शेवटी शेवटी असंच बोलायची,” नाहुएल त्याचा हात हातात घेत म्हणाला. “शेजारच्यांचं छप्पर उडालं ते मीच उडवलं, असं रडत सांगायची. वादळात उडालं होतं. मन असे खेळ करतं. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका.”

ओलिंपियोने हात सोडवला. “हे बघ.” खोलीच्या मध्यात, पोरांच्या गाद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत तो उभा राहिला आणि वैदू नाचून दाखवला. गुडघे मोडलेले, कंबर सरळ, मान पुढे. एक पाऊल चुकलं नाही. पोरं टाळ्या पिटायला लागली. “गुडघे बघितलेस? कळलं आता? येतं मला! आठवतं मला!”

“बघितलं,” नाहुएल म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. “अंगात मुरलेलं जात नाही, आजोबा. डोक्यातलं आधी जातं.”

इर्मा हात पुसत आली. “काय म्हणतायत?”

“काही नाही, आई. जरा गोंधळलेत. त्यांना काहीतरी खायला दे. मऊसं.”

“बाई, मी तुमच्या मुलाची पाठ मोडली,” ओलिंपियो म्हणाला.

“हो हो,” इर्मा म्हणाली, आणि खुर्चीत बसवून तिने त्याच्या कॉलरमध्ये पंचा खोचला. “आधी खाऊन घ्या.”

तिने वाटीत दुधात भिजवलेला पाव आणला. ओलिंपियोने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा फळीवरच्या पोराकडे. दोघंही इतक्या मायेने बघत होते की त्यांच्याशी भांडण करायला कुठे जागाच नव्हती. मग त्याने चमचा उचलला. डावा हात थरथरत होता म्हणून इर्माने वाटी धरली.

पाव गोड होता. त्याने सगळा संपवला, आणि इर्मा म्हणाली, “शाब्बास.”